उतरणीवर धरलेला गुडघा

“हाड शाबूत आहे,” एक्स-रे उजेडाकडे धरून डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी गुडघ्याची वाटी अंगठ्याने दाबली आणि मी ओरडलो. “काँड्रोमलेशिया.”

मला तो शब्द उच्चारताही येईना. त्यांनी समजावलं. वाटीला पटेला म्हणतात. तिच्या मागची मऊ कूर्चा खरवडली जाते. डोंगर उतरताना सगळा भार तिथंच येतो.

दुखणं सुरू झालं ते जोतिबाचा डोंगर उतरताना. आमच्या भूगोलाच्या वर्गाची पन्हाळ्याहून पायी सहल जाणार होती. म्हणून मित्रांबरोबर सराव चालू होता. सहल चुकली तर प्रात्यक्षिक बुडणार, प्रात्यक्षिक बुडालं तर वर्ष. घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. “वरीस गेलं तर गावाकडं मुरगूडला यायचं, शेतावर,” वडिलांनी आधीच सांगितलं होतं.

त्यामुळे मी गप्प राहिलो. फक्त मामांना सांगितलं. मामा तालमीत वस्ताद, म्हणजे पोरांना कुस्ती शिकवणारे. त्यांनी गुडघा तेलानं रगडला. “आखडलाय नुस्ता. बैठका मार की, मोकळा हुईल.” मी मारल्या. आठवड्याभरात गुडघा एवढा सुजला की विजार वर सरकेना.

हे ऐकून डॉक्टरांनी एक्स-रे खाली ठेवला. “सुजलेल्या गुडघ्यावर बैठका?”

“मामांनी सांगितलं.”

“त्यांचे गुडघे कसे आहेत? त्यांनाही घेऊन ये.”

मी विचारलं, सहलीला जाता येईल का? “सूज उतरली तर बघू. पुन्हा असा छळ केलास तर डोंगर विसर.”

सूज उतरेपर्यंत चोळणं बंद, बैठका बंद. नंतर क्वाड्रिसेप्सचा, म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूचा व्यायाम: पाठीवर पडून पाय सरळ उचलायचा, हळू खाली आणायचा. पुढच्या तपासण्यांना दवाखान्याच्या बाकावर बसलो की मी चोरून दोन्ही गुडघे शेजारी धरून बघायचो. अजून एक मोठाच दिसायचा.

सहलीच्या आदल्या आठवड्यात परवानगी मिळाली, अटी घालून. पाठीवर ओझं कमी. हातात काठी. उतारावर लहान पावलं, नागमोडी चाल, उड्या नाहीत. आणि कळ आली की थांबायचं.

ही शेवटची अट मला सर्वात अवघड वाटली. आमच्याकडे दुखतं म्हणणं कमीपणाचं.

पहिल्याच मोठ्या उतारावर कळ आली. बुडालेलं वर्ष डोळ्यांपुढे दिसलं. तरी म्हणालो, “सर, थांबतो. दुखतंय.”

“म्हातारा झालास की रं!” वर्गातला शिवा हसला.

सर म्हणाले, “बसा सगळेच.”

सगळे बसले. जरा वेळानं शिवानं विजार वर केली आणि गुडघा धरून हळूच म्हणाला, “माझाबी सकाळधरनं दुखतोय. काय करायचं असतं रं?”

मी त्याला माझी काठी दिली आणि उतार संपेपर्यंत त्याच्या खांद्याला धरून, लहान पावलं टाकत उतरलो. प्रात्यक्षिक पूर्ण झालं. डॉक्टरांचे उपकार आहेतच. पण ज्यांचा गुडघा आज नुकताच दुखू लागला असेल त्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की पहिल्या कळेलाच कुणाला तरी सांगा. शेजारचाही कदाचित तेवढ्यासाठीच खोळंबला असेल.