ऑलिव्हचे तेल, आईची गोळी आणि तायडे मॅडम

डॉ. विमल तायडे मॅडमना मी प्रथम पाहिले ते वाशिमला, जीवरसायनशास्त्राच्या पहिल्याच तासाला. फळ्याकडे वळण्याआधी त्यांनी विचारले, "सकाळी खाल्लेलं तेल आता कुठं असन?" मी केनवडचा, ठेच्यावर कच्चे तेल ओतून वाढलेला. म्हणालो, "पोटात." मॅडम म्हणाल्या, "अन् मंग?" त्या प्रश्नाच्या मागे मी आजतागायत आहे.

ऑलिव्हच्या तेलातली कडू, घशाला झोंबणारी फिनॉलिक द्रव्ये शरीरात गेल्यावर त्यांचे काय होते, हा मॅडमच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय. आमच्या करडई-जवसाच्या मुलखात लोक हसायचे. मॅडम हसणाऱ्यालाच भाकरीवर ते तेल वाढत आणि दिवसभराच्या लघवीच्या बाटल्या मागत. त्यांच्या विद्वत्तेवर या गौरव अंकात इतर मान्यवर लिहितीलच. मला लिहायचे आहे ते भीतीबद्दल.

केनवडच्या महिला मेळाव्यात मॅडमचे भाषण झाले. ही द्रव्ये रक्त गोठण्याला थोडा अडसर करतात असे दिसते, असे त्या म्हणाल्या. पुढे पुष्कळ 'पण' होते. माझी आई शांताबाई पहिल्या रांगेत होती. तिच्या हृदयाची झडप बदललेली, रक्त पातळ राहावे म्हणून रोजची गोळी चालू. तिने 'पण'च्या आधीचे तेवढेच घरी आणले. मॅडमच्या प्रयोगातून उरलेली, मी घरी आणलेली तेलाची बाटली आमच्या कपाटात होतीच. कुणाला न सांगता तिने गोळी बंद केली आणि तेल सुरू केले.

थोड्या दिवसांनी निवडता निवडता मेथीची जुडी तिच्या हातातून गळून पडली. जीभ जड झाली. तिला माझे नाव घेता येईना. जीपमध्ये तिचा हात धरून वाशिम गाठेपर्यंत मला जी भीती वाटली, ती अजून पुरती गेलेली नाही.

मॅडम निरोप मिळताच दवाखान्यात आल्या. "माह्या अर्ध्या वाक्यानं झालं रे हे," एवढेच म्हणाल्या. रक्ताची गुठळी मेंदूत गेली होती; उपचार वेळेवर मिळाले, संध्याकाळपर्यंत आईची जीभ मोकळी झाली. मॅडम खाटेशेजारी बसल्या.

"शांताबाई, ते द्रव्य आतड्यात चांगलं शोषलं जाते. पण आतड्याची भिंत अन् लिवर त्याले लगेच बदलून टाकतात. मूळ रूपात रक्तात फार थोडं राह्यते. बहुतेक काही तासांत लघवीवाटे जाते, उरलंसुरलं मोठ्या आतड्यातले जंतू फोडतात. ते गोळीचं काम करत नाही. आता मी काय सांगतलं, ते तुमी सांगा."

"तेल येते अन् जाते," आई म्हणाली. "गोळी रोजची."

तेव्हापासून प्रत्येक भाषणात मॅडमची ही रीतच झाली. शरीर तेलाचे काय करते ते आधी, तेल शरीराचे काय करते ते नंतर, आणि शेवटी ऐकणाऱ्याकडून सगळे वदवून घेणे. रिसोडला एका आजोबांना ते नीट सांगता येईना, तर मॅडमनी परतीची एसटी सोडली. आम्हां विद्यार्थ्यांना त्या म्हणत, "बोलताना मले भेव वाटते. तुमालेही वाटलं पाह्यजे." आता मीही शिकवतो, आणि वर्गात उभा राहिलो की मला ते वाटतेच.

यंदा मॅडमना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण झाली, आणि यंदाच त्यांच्याही हृदयाची झडप बदलावी लागली. तीच रोजची गोळी. त्या एकट्या राहतात, आणि विसरतात. म्हणून आई रोज संध्याकाळी फोन करते.

"मॅडम, गोळी घेतली काय?"

"घेतली."

"कोणती घेतली, कायले घेतली, ते सांगा."

आणि मॅडम निमूटपणे सांगतात.

परवा फोन नुसताच वाजत राहिला. आईने पुन्हा लावला, पुन्हा लावला. तिचा चेहरा पाहून मी गाडीची किल्ली घेतली, पायात चप्पल घातली. तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "नळ आला होता, पाणी भरून राह्यली होती."

"भरलं नं? आता गोळीचं सांगा," आई म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून रडली.

मॅडम, तुम्ही खूप वर्षे जगा, धडधाकट राहा, आणि संध्याकाळचा तो फोन पहिल्याच रिंगला उचला. आमाले भेव वाटते.