लय राखा

आमच्या मामांइतका हळू पळणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात झाला नाही, आणि ही मी त्यांची तारीफ करतोय. धूम पळणारे बोरीत गल्लोगल्ली होते. पण पळता पळता समोरून येणाऱ्या पाव्हण्याची विचारपूस करायची, त्याच्या म्हशीची तब्येत विचारायची, उत्तर पुरतं ऐकून घ्यायचं आणि एवढं होऊनही पाय थांबू द्यायचे नाहीत, हे फक्त मामांनाच जमायचं. मामा पूर्वी हरकारे होते. निजामाच्या अमदानीत टपालाची थैली खांद्यावर टाकून, हातात घुंगराची काठी घेऊन बोरीहून जिंतूरपर्यंत तेरा मैल पळत जायचं, ही त्यांची नोकरी. पुढं टपाल मोटारीतून जायला लागलं आणि मामांचे पाय रिकामे झाले.

पाय रिकामे झाले, तोंड नाही. वेशीजवळच्या हॉटेलात बसून मामा सांगायचे, "एका दमात जायचो. वाटंत कुठं टेकलो न्हाई." लोक बशीतला चहा फुंकत हसायचे. कुणी म्हणायचं, मामा निम्म्या वाटेत बाभळीखाली ताणून द्यायचे आणि मग कुणाच्या तरी बैलगाडीत बसून टपाल पोचवायचे. जिंतूरच्या पोस्टात मामांच्या येण्याची वेळ रोज लिहिली जायची म्हणे, पण ते कागद कधीच वाळवीनं खाल्ले होते. साक्षीला कुणी नव्हतं. मामी चहात साखर घालायला विसरली तरी हूं की चूं न करणारा हा माणूस, ही बाभळीची गोष्ट निघाली की लालबुंद व्हायचा.

त्या रस्त्यावर त्यांचा जीव होता. बहात्तरच्या दुष्काळात कामं निघाली, रस्ता रुंद झाला आणि मैलाचे जुने दगड उपटून किलोमीटरचे नवे रोवले गेले. मामांनी हा स्वतःचा अपमान मानला. "रस्ता तेवढाच, दगड जास्त. ह्याला काय अक्कल म्हणायची?" नव्या दगडांकडं ते बघायचेसुद्धा नाहीत. जुने दगड कुठं कुठं गेले, त्याचा मात्र त्यांनी छडा लावला होता. एकदा रस्त्यालगतच्या एका अंगणात सरळ शिरले आणि धुणं आपटणाऱ्या बाईला हात जोडून म्हणाले, "बाई, राग मानू नका, पण तुमी सातव्या मैलावर धुणं धुवायलाय." ती बाई बिचारी पुढं महिनाभर मामा दिसले की दार लावून घ्यायची.

अशात तालुक्यानं शर्यत ठेवली. तेरा मैल, बोरी ते जिंतूर. नेमका मामांचा रस्ता! मी तेव्हा परभणीला कॉलेजात शिकत होतो, सुट्टीत मामांकडं यायचो आणि स्वतःला मोठा पळणारा समजायचो. पहिल्या वर्षी त्यांना न विचारताच उतरलो. वेशीतून असा सुटलो की लोकांनी टाळ्या वाजवल्या. सहाव्या मैलावर डोळ्यापुढं काजवे चमकले, आणि मी बसलो. कुठं बसलो? बाभळीखाली! एसटीनं परत आलो तेव्हा हॉटेलात आयता विषय तयार होता. "मामाचा भाचा शोभतो गड्या. बसायची जागा बी तीच!"

मामा दोन दिवस जेवले नाहीत, हे मला मामीनं सांगितलं. "तुझं काय, तू जाशील परभणीला," ती म्हणाली, "ह्यांना इथंच ऱ्हायचंय." तिसऱ्या दिवशी फटफटायच्या आत मामा घुंगराची काठी घेऊन उशाशी हजर. "ऊठ. तुला हळू पळायला शिकवतो."

पुढचं वर्ष, प्रत्येक सुट्टीत, मी त्या काठीच्या मागं पळालो. पुढं मामा, मागं मी. धोतर गुडघ्यावर खोचलेलं, पायात टायरच्या चपला, आणि काठी प्रत्येक चौथ्या पावलाला जमिनीवर. छन्. छन्. "काठीच्या म्होरं गेलास की घरला जायचं," हा नियम. वेग मोजायला घड्याळ नव्हतं, तंबाखू होती. वेशीत दाढेखाली ठेवलेली चिमूट दुसऱ्या मैलाला, म्हणजे जिथं पूर्वी दुसरा मैल होता तिथं, चवीला उतरली पाहिजे. आधी पोचलो तर पळणं जास्त झालं, मग पुढचा तुकडा चालत. शिवाय पळता पळता चौकशी चालू. "काल रातच्याला काय खाल्लं?" मी धापा टाकत "भाकर" एवढंच म्हणालो की मामा वेग कमी करायचे. "भाकरीसंगं काय, ते सांगता आलं पायजे. भाजीचं नाव येत न्हाई म्हणजे तू लय पळायलास." वांग्याचं भरीत, लसणाची चटणी आणि वर ताक, असं सगळं एका श्वासात सांगता आलं, त्या दिवशी मामांनी पहिल्यांदा माझ्या पाठीवर हात ठेवला.

शर्यतीच्या आधी सूचनांचा एक छापील कागद आला. पुण्याच्या कुणा जाणकारानं लिहिलेला. मी मोठ्यानं वाचला, "पहिल्या निम्म्या अंतरात लय राखा."

मामा ताडकन उभे राहिले. "काय म्हणला? परत वाच."

"लय राखा."

"बघ! बघ की! पुण्याच्या माणसाला बी कळतंय. निम्म्या वाटंपतोर लय राखून ठेवा म्हणायलाय!"

मी समजावलं, "मामा, लय म्हणजे आपलं 'लय' न्हाई. लय म्हणजे ताल. एकसारखं पळा, असं म्हणायचंय त्यांना."

"ताल धरायला ते काय भजन हाय?" मामांनी माझी बी.ए. एका वाक्यात निकालात काढली. तो कागद घडी करून त्यांनी टोपीत ठेवला आणि हॉटेलात प्रत्येकाला वाचायला लावला.

शर्यतीच्या सकाळी मामा वेशीत आले, पण त्यांनी मला एकच सांगितलं, "राख." जिंतूरला एसटीनं येतो म्हणाले. मी निघालो. सगळे पुढं गेले. हॉटेलातून कुणीतरी ओरडलं, "बाभूळ अजून हाय तिथंच!" मला राग आला, पाय शिवशिवले, पण कानात काठी वाजत होती. छन्. छन्. मनातल्या मनात भाजीची नावं घेत पळालो. बाभळीखाली त्या वर्षी दुसरेच दोघं बसले होते. नवव्या मैलानंतर मी माणसं मागं टाकायला लागलो आणि जिंतुरात पोचलो तेव्हा माझ्यापुढं दोघंच होते. तिसरा नंबर! बक्षीस मिळालं, हार पडला, हातात प्रमाणपत्र आलं, आणि मी मामांना शोधत राहिलो.

मामा कुठंच नव्हते. मंडप सुटायला लागला. बोरीची एसटी आली, तीतही नव्हते. मी कंडक्टरला विचारलं. तो तिकिटांची पेटी सावरत म्हणाला, "काठीवाला म्हातारा? तो तर रस्त्यानं पळायलाय! बसा म्हणलं तर म्हणतो, माझी जागा दुसऱ्याला द्या."

मी रस्त्यावर धावत गेलो. शर्यत संपल्याची दोरी सोडलेली, चुन्याची रेघ पायांनी पुसलेली. आधी आवाज आला. छन्. छन्. पोस्टासमोर यंत्रावर बसलेला एक म्हातारा शिंपी मान वर करून ऐकायला लागला. कापड टाकून उठला, रस्त्याच्या मधोमध आला, आणि बासष्ट वर्षांचे आमचे मामा धुळीनं पांढरे होऊन समोर येताच कमरेवर हात ठेवून म्हणाला, "काय हरकारे, आज लय उशीर?"

आज! वीस वर्षांनी! मला रडू फुटलं. मामा मात्र अजिबात गडबडले नाहीत. धाप आवरत म्हणाले, "राखून आलो." मग खांद्यावर नसलेली थैली उतरवल्यासारखा हात खाली केला आणि मला म्हणाले, "वेळ लिहून घे."

शिंप्याच्या दुकानातल्या घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. लिहायला दुसरं काही नव्हतं. मी प्रमाणपत्र उलटं केलं आणि शिंप्याकडची पेन्सिल घेऊन मामांचं नाव, बोरी ते जिंतूर, पायी, आणि वेळ असं लिहिलं. खाली साक्षीदार म्हणून शिंप्यानं सही केली. मामांनी तो कागद हॉटेलात दाखवला. बाभळीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते प्रमाणपत्र मी चौकटीत बसवून बैठकीत लावलंय. येणारे जाणारे सांगतात की तुमची चौकट उलटी बसलीय, मागची बाजू पुढं आलीय. मी त्यांना बसवून घेतो, चहा देतो आणि पहिल्यापासून सांगायला लागतो. माझ्या तिसऱ्या नंबराचा मला अभिमान आहेच, पण खरं सांगू का, ती बाजू मी कित्येक वर्षांत पाहिलेली नाही.