तेराव्या वर्षाआधी

"पाटी बाहेर ठेव गं, वास येतोय," हवालदार आईला म्हणाला. आईने मासळीची पाटी पोलीस ठाण्याच्या पायरीवर ठेवली. आम्ही दोघी उभ्या. सर खुर्चीत. त्यांच्यासाठी चहा आला होता.

सर म्हणजे कामोठ्यातले माझे शिकवणीचे सर. मी दहा वर्षांची असताना ते मला क्लास सुटल्यावर थांबवून घ्यायचे. "हिचे पाढे राहिलेत." पुढचं इथे लिहीत नाही. तक्रारीत लिहिलं आहे, तेवढं पुरे.

साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "तेव्हा पॉक्सो कायदा नव्हता. तेव्हाच्या कलमाला तीन वर्षांची मुदत. तू आज एकोणीसची. नऊ वर्षं काय करत होतीस?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात सर हसले. "साहेब, हिची आई दर वर्षी मला जिताडा पाठवायची. हिच्याच हातून. असं काही असतं तर पाठवला असता का?"

"जिताडा! आम्हाला नाही कोणी आणून देत," हवालदार म्हणाला.

खाडीत जिताडा लागला की तो महागडा मासा आमच्या घरात शिजत नाही. डॉक्टरकडे जातो, मास्तरांकडे जातो. ज्याचे उपकार, त्याच्याकडे. मी पाचवीत पहिली आले, तेव्हापासून तो सरांकडे जायला लागला. आईला काही माहीत नव्हतं. मी मासा दोन्ही हातांत धरून त्यांच्या दारात उभी राहायचे. खाली बघत.

आई म्हणाली, "मना ठाव नव्हता, सायेब. ठाव असता तं मासा नाय, कोयता घेऊन गेली असती."

"आवाज खाली."

तक्रार घेतली नाही. परतताना रिक्षात मी मनात मोजलं. दहा आणि तीन, तेरा. म्हणजे तेरा पुरी व्हायच्या आत मी या ठाण्यात यायला हवं होतं. तेराव्या वर्षी माझ्याकडे त्या गोष्टीला शब्दच नव्हता. हातात फक्त मासा होता.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. ग्रंथालयात ते मुदतीचं कलम स्वतः वाचलं. समजायला चार दिवस लागले. थोडं पुढे दुसरं कलम सापडलं: उशिराचं कारण पटलं, किंवा न्यायासाठी गरज वाटली, तर कोर्ट मुदतीनंतरही दखल घेऊ शकतं. हे साहेबांनी सांगितलं नव्हतं.

ते घेऊन मी एका वकीलबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "अवघड आहे. पण अर्ज करू. उशिराचं कारण दोन ओळींत लिहून आण."

दोन ओळींत मावत नाही. मी जिताड्यापासूनच सुरुवात केली आहे.

अर्ज फेटाळला तर वरच्या कोर्टात जाईन. तिथेही कोणीतरी विचारेल, नऊ वर्षं काय करत होतीस. मी सांगेन. आधी खुर्ची मागून घेईन. एक मला, एक आईला. आणि पाटी आत असेल.