वेगळं ताट

वडील मंडईत हमाल होते. येरवड्यातल्या आमच्या खोलीत आजारपण परवडत नव्हतं. डॉक्टरकडे जाणं म्हणजे दिवसाची मजुरी बुडणं. ताप आला की औषधाच्या दुकानातून कॅप्सूल आणायच्या, अंग हलकं झालं की उरलेल्या कॅप्सूल डब्यात ठेवायच्या, पुढच्या तापाला. त्याच हमालीवर मी पदवीधर झाले, घरातली पहिली. हे मी मुद्दाम सांगते.

अर्धांगवायूनंतर वडिलांना मोठ्या हॉस्पिटलातून पुनर्वसन केंद्रात हलवलं. तिथल्या व्यायामाच्या हॉलमध्ये दांड्या धरून ते पावलं टाकायला लागले होते. एका सकाळी त्यांना कोपऱ्यातल्या खोलीत नेलं. वेगळा मग, वेगळं ताट, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या अंगावर पिवळा एप्रन. आणि व्यायामाचा हॉल त्यांना बंद.

"तपासणीत जंतू निघालाय," सिस्टर म्हणाल्या. "नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देत नाही. आतड्यात आहे, पण बाबा त्याने आजारी नाहीत."

"मग औषध?"

"द्यायचं नाही. उगाच दिलं तर जंतू आणखी निर्ढावतो."

आजार नाही, औषध नाही, नुसतं वेगळं ताट. बौद्ध घरात वेगळ्या ताटाचा अर्थ कुणाला समजावावा लागत नाही. वडिलांनी ते सरकवलं. "माझ्या बापाला चहा असाच मिळायचा. वेगळ्या कपात." आईने पिशवीतून पदराआड घरचा तो कॅप्सूलचा डबा काढला. मी तो पिशवीत परत कोंबला.

मला यात आडनाव बघितल्याचा वास येत होता. आणखी कुणाला वेगळं काढलंय ते बघत मी पॅसेजमध्ये फिरले. समोरच्याच दारावर आमच्या दारावर होती तशीच सूचनेची पाटी होती. आत पेठेतले एक निवृत्त प्राध्यापक.

"अहो, लांबूनच बोला," ते म्हणाले. "आमच्या आजीने जन्मभर सोवळं पाळलं. आता मलाच कुणी शिवत नाही."

मी हे जाऊन सांगितल्यावर वडील हसले आणि ताट ओढून जेवले. माझा संशय मात्र हॉलपाशी अडला होता. मी डॉक्टरीणबाईंना गाठलं.

"तिथे नळ्या लावलेले, जखमा असलेले पेशंट असतात. हा जंतू त्यांच्यात गेला तर जिवावर बेतेल."

"पटलं. मग सगळे गेल्यावर न्या."

"नंतर सगळं पुसायला माणूस नाही."

"म्हणजे माझे वडील जंतूपायी नाही, फडक्यापायी अडलेत."

त्यांनी फोन करून संध्याकाळी पुसायला एक माणूस मागून घेतला. दुसऱ्या दिवसापासून शेवटची पाळी वडिलांची आणि प्राध्यापकांची. हात धुऊन आत, हात धुऊन बाहेर. दांड्या खरंच पुसतात का, हे मी दारात उभी राहून रोज बघत असे.

जंतू गेला की अजून आहे, हे घरी सोडतानाही कुणी ठामपणे सांगितलं नाही. वडील रिक्षातून उतरले आणि स्वतःच्या पायांनी घरात आले.