पहिलं नाही तोंडाचं

हिंगण्याच्या कारखान्यात मी नवाच इंजिनियर होतो. आमचा गोरा साहेब माझ्याच वयाचा निघाला. बॅडमिंटनमुळे दोस्ती जमली आणि दर रविवारी त्याच्या सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यावर मला जेवायचं बोलावणं येऊ लागलं. तिथे सगळे परदेशी, सगळे पैसेवाले. कंपनीच्या बसने कामावर जाणारा मी एकटाच. माणसं मात्र चांगली होती, खोटं कशाला बोलू.

पंचाईत एकच. आणखी घेणार का, असं कुणी विचारलं की मी रीतीप्रमाणे नको म्हणायचो आणि भांडं सरळ पुढे जायचं. आमच्याकडे तर नको म्हटल्यावरच खरं वाढणं सुरू होतं. परतताना धरमपेठेत तर्री-पोहे खाऊन मी पोट भरायचो. साहेबाकडे राहायला आलेल्या त्याच्या बहिणीला हे सांगितलं, तर हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या हसण्यावरच मी भाळलो.

हिवाळ्यात तिला गावी नेलं. आईने वडाभात वाढला, ती ताटावर हात आडवे धरत राहिली.

"घे वं पोरी," आई म्हणाली. "पहिलं नाही तोंडाचं राह्यते, दुसरं लाजेचं. तिसरं खरं."

मग ती वरचेवर गावी यायची. मराठी शिकली तीही आईकडूनच. मी इकडे बंगल्यातली सभ्यता शिकत होतो: समोरचा नाही म्हणाला की विषय संपला.

तिचं परत जायचं ठरलं, तेव्हा धरमपेठेत कॉफी पिताना मी विचारलं, लग्न करून इथेच राहशील का. कपात बघत ती नाही म्हणाली. तरी मी बंगल्यातल्या माणसांसारखं हसून ठीक आहे म्हटलं आणि तिला घरी सोडलं. किती सभ्यपणे वागलो, याचा वर अभिमानही वाटला.

मागच्या हिवाळ्यात ती नवऱ्याला घेऊन आईला भेटायला आली. आईने पुन्हा वडाभात केला. तिने दोनदा नको म्हटलं आणि तिसऱ्यांदा ताट पुढे केलं. मला ते बघवेना.

आमची दोघांची जेवणं झाली. नवरा आत आईच्या आग्रहाच्या तावडीत सापडला होता. अंगणात मी तिच्या हातावर पाणी घालत होतो. वर न बघता ती म्हणाली, "मले एकदाच काहून इचारलं गा?"