चौऱ्याहत्तरावा दिवस

कामाच्या पहिल्या दिवशी वावटळीचा फोन आला.

"ए साहित्य, माझा आज चौऱ्याहत्तरावा दिवस आहे."

ती सकाळीच प्रशिक्षणाच्या जागी पोचली होती. मला वाटलं, थट्टा करतेय.

"झोप झाली नाही का?"

"संगणकावर लिहिलंय. प्रशिक्षणार्थी, दिवस चौऱ्याहत्तर, एकूण चौऱ्याऐंशी. आणि नाव माझं नाही."

"मग कुणाचं?"

ती "शिष्यवृत्तीचं," म्हणाली.

वावटळ हे काही तिचं खरं नाव नव्हे. हॉस्टेलमध्ये आम्ही तीन वर्षं एका खोलीत होतो. ती आत शिरली की टेबलावरचे कागद उडायचे, म्हणून मी ते नाव ठेवलं. मी साहित्य शिकत होते, म्हणून तिने माझं नावच साहित्य करून टाकलं. तिच्या वडिलांना हे फार आवडलं. ते पाण्याच्या मोटरी आणि पंखे रिवाइंड करायचे, जळलेली तार काढून नवी गुंडाळायचे. त्यांच्या दुकानात साहित्य म्हणजे तांब्याची तार, वॉर्निश आणि इन्सुलेशनचा कागद. मी गेले की हातातलं काम न सोडता म्हणायचे, "या, या. साहित्याचा तुटवडाच होता."

वावटळ त्या दुकानात वाढली. दहा वर्षांची असताना जळकी मोटर नुसत्या वासावरून ओळखायची. तारेची वेटोळी मोजत असली की कुणी कितीही हाका मारा, ओ द्यायची नाही. आकडा चुकला तर सगळं उलगडून पुन्हा पहिल्यापासून. एरवी तिला सगळ्याची घाई. जेवण घाईत, बोलणं घाईत, जिना दोन-दोन पायऱ्या. मोजताना मात्र दगड.

तिने अक्षय ऊर्जेची अभियांत्रिकी घेतली तेव्हा वडील म्हणाले, "आमचे पंखे वीज खातात. हिचे पंखे वीज देणार. धंदा तोच, फक्त उलटा." हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे. पण त्यांना आताशा बारीक तार दिसत नव्हती. चष्मा दोनदा बदलून झाला होता. दुकान फार दिवस चालणार नव्हतं. हे ते कुणालाच सांगायचे नाहीत.

तिचं शिक्षण शिष्यवृत्तीवर झालं. ती शिष्यवृत्ती एका मुलीच्या नावाने होती. तीही हेच शिकत होती. शेवटच्या वर्षी पवनचक्क्यांच्या प्रकल्पावर प्रशिक्षणाला गेली आणि सुट्टीला घरी येताना तिची बस उलटली. तिच्या आईने शिष्यवृत्ती सुरू केली. आम्ही त्यांना काकू म्हणायचो. काकूंची अट एकच होती. दर महिन्याला एक पत्र, हाताने लिहिलेलं.

वावटळीला पत्रं जमत नसत. "तू मराठीवाली. सांग काहीतरी गोड." मी सांगायचे, ती उतरवून घ्यायची. तिचं अक्षर भयंकर होतं. मुंग्या शाईत बुडून कागदावर चालल्यासारखं. तरी काकूंचं कार्ड यायचं, दोन-तीन ओळींचं, मायेचं.

प्रशिक्षणाची जागा कॉलेजने ठरवून दिली. ती आम्ही पत्रात कळवली. या वेळी काकूंच्या कार्डावर एकच शब्द होता. "बरं."

त्याचा अर्थ आम्हाला त्या फोनच्या दिवशी कळला. प्रकल्प तोच होता. याआधी शिष्यवृत्ती मिळालेले दोघे सौरऊर्जेकडे गेले होते. त्या मुलीनंतर तिथे जाणारी वावटळच पहिली.

घोळ साधा होता. प्रकल्पावरच्या कारकुनाने शिष्यवृत्तीच्या पत्रावरचं सगळ्यात ठळक नाव उचललं आणि संगणकात टाकलं. संगणकाला त्या नावाची अपुरी नोंद सापडली. त्र्याहत्तर दिवस भरलेले. त्याने ती पुढे चालू केली. ओळखपत्र आपोआप छापून आलं, नाव जुनं आणि फोटोही जुना.

"मग तू आत गेलीस कशी?" मी विचारलं.

"फाटकावर रखवालदार मामा आहेत. त्यांनी फोटो बघितला. मला बघितलं. म्हणाले, या."

"तुम्ही दोघी सारख्या दिसता?"

"तिचे केस कुरळे आहेत, साहित्य. गालावर तीळ आहे."

दुरुस्ती होणं गरजेचं होतं. वावटळीचे स्वतःचे चौऱ्याऐंशी दिवस जेमतेम बसत होते. ते संपले की दुसऱ्याच दिवशी तिथे नोकरीच्या मुलाखती होत्या, आणि पूर्ण झाल्याचा दाखला हातात असलेल्यालाच बसू देणार होते. हे अकरा दिवस त्या मुलीच्या नावावर गेले, तर वावटळीचा पहिला दिवस बाराव्या दिवशी उजाडणार. मुलाखत हुकली की पुढची वर्षाने. आणि संगणकाच्या हिशेबाने चौऱ्याऐंशीव्या दिवशी संध्याकाळी पाचला नोंद कायमची बंद होणार होती. त्यानंतर कुणालाच काही बदलता येणार नव्हतं.

आधीची. त्या मुलीला तिथे सगळे असंच म्हणत.

तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "कारकुनाने केलं का काही?"

"करेल गं. वारा कुठे जातोय?"

मी फोन कानापासून दूर धरून बघितला. घाईत बोलताना जीभ चावणारी मुलगी ही. असलं वाक्य तिच्या तोंडी कधी नव्हतं. माझ्या पत्रांतही नव्हतं.

रविवारी, ऐंशीव्या दिवशी, मी तिला भेटायला गेले. उघडं माळरान होतं. चोवीस चक्क्या होत्या, खूप उंच, आणि त्यांचा आवाज एका जागेवरून येत नव्हता. कुणीतरी शेजारच्या खोलीत झोपलंय आणि श्वास घेतंय, तसा तो होता.

तिला खोली आधीचीचीच मिळाली होती. मेजाच्या खणात आधीचीची वही होती. कुणी हलवलीच नव्हती. काम एकोणिसाव्या चक्कीचं होतं. तेवढ्याच वाऱ्यात ती शेजारणींपेक्षा कमी वीज द्यायची. का, ते आधीचीने शोधत आणलं होतं. वाऱ्याची दिशा दाखवणारी वरची पट्टी तिरकी बसली होती. त्यामुळे चक्की वाऱ्यापासून सात अंश बाजूला तोंड करून उभी असायची. पहिल्याच पानावर तिने लिहिलं होतं, "१९ नंबर वाऱ्याकडे बघत नाही." सिद्ध करायला थोडी मोजणी उरली होती. ती आता वावटळ करत होती.

मी वही चाळली. त्र्याहत्तराव्या दिवसापर्यंत अक्षर गोल, सुटं, टपोरं होतं. चौऱ्याहत्तराव्या दिवसापासूनही गोल, सुटं, टपोरं होतं. मी पानं पुढे-मागे केली. जोड कुठे दिसतो ते शोधत होते. दिसला नाही.

"हे तू लिहिलंस?"

"मग कोण लिहिणार?"

साडेचारला उन्हं कलली आणि एकोणिसावीची सावली खिडकीतून आत आली. एक पातं गेलं. दुसरं गेलं. खोली विझायची, पेटायची, विझायची. बाकीचे म्हणे या वेळी पडदे ओढून घेतात. वावटळीने हातात घड्याळ धरलं आणि पाती मोजू लागली.

"वावटळ, जरा ऐक."

ओ नाही. हे माझ्या ओळखीचं होतं. मला बरंच वाटलं.

"अगं वावटळ."

नाही.

तेवढ्यात खाली फाटकावरून मामांनी हाक मारली. ते आधीचीचं नाव होतं.

"ओ मामा," वावटळ म्हणाली. मोजता मोजता. मान वर न करता.

मी त्या संध्याकाळी लवकर निघाले.

कारकुनाने शेवटी दुरुस्तीचा अर्ज दिला होता. शिष्यवृत्ती देणाऱ्यांची सही हवी होती. वावटळ काकूंना पाठवते-पाठवते म्हणत होती. मी तो निघताना तिच्या खणातून न विचारता घेतला आणि मंगळवारी दुपारी काकूंकडे गेले.

काकूंनी मला बसवलं, पाणी दिलं. अर्ज मोठ्याने वाचला. "मूळ नोंद अपूर्ण म्हणून कायमची बंद करण्यात यावी." मग चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

"दोनच दिवस राहिलेत ना?" त्यांनी विचारलं.

"तिची नोकरी जाईल, काकू. तिच्या बाबांना तार दिसत नाही हल्ली."

त्या आत गेल्या आणि पत्रांचा गठ्ठा घेऊन आल्या. "ही सगळी तू सांगायचीस. मला पहिल्याच पत्रात कळलं होतं."

"कसं?"

"पवनचक्क्या शिकणारी मुलगी 'सांजवारा' लिहीत नाही." त्या जरा हसल्या. मीही. मग त्यांनी सकाळी आलेलं पत्र माझ्यासमोर ठेवलं. "आता हे कोण सांगतंय तिला?"

अक्षर गोल, सुटं, टपोरं होतं. वर 'प्रिय काकू' नव्हतं. 'आई' होतं. खाली एकच ओळ. "थोडंच राहिलंय. घाई करू नकोस, वारा कुठे जातोय?"

"माझी असंच म्हणायची," काकू म्हणाल्या. "शाळेची बस सुटत आली तरी."

मग त्यांनी सही केली. 'अपूर्ण' या शब्दावर बोट ठेवून केली, जणू तो उडून जाईल.

"तिला सांग, माझी अपूर्णच गेली. ते मला ठाऊक आहे. कुणाची धडधाकट लेक मी त्याच्यासाठी ठेवून घेणार नाही."

गुरुवारी, चौऱ्याऐंशीव्या दिवशी, दुपारी मी प्रकल्पावर पोचले. एकोणिसावी थांबवली होती. वर दोन माणसं चढली होती, ठिपक्यांएवढी. त्यांनी पट्टी सरळ बसवली. खाली वावटळ वही छातीशी धरून उभी होती. चक्कीचं डोकं हळूच वळलं. सात अंश डोळ्याला दिसत नाहीत म्हणतात. मला दिसले. कुणीतरी आपल्यावरची नजर काढून घ्यावी, तसं वाटलं.

मी तिला अर्ज दिला. तिने सही बघितली, अर्जाची नीट घडी घातली आणि वहीत ठेवून दिला.

"कारकून इथेच आहे. पाच वाजेपर्यंत वेळ आहे," मी म्हणाले.

"वारा कुठे—"

"ते म्हणू नकोस. काकूंनी सही केलीय. त्यांनी कशी केली ते मी पाहिलंय. बाबांचा तरी विचार कर."

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या आठवड्यात पहिल्यांदाच, ओळख असल्यासारखं.

"बाबांनीच शिकवलंय," ती म्हणाली. "अकरा वेटोळी राहिली होती, साहित्य. मध्येच सोडलं तर सगळं उलगडावं लागतं."

साडेचारपासून आम्ही तिच्या खोलीत समोरासमोर बसून होतो. आकाशात ढग होता, सावली आली नाही. पाच वाजले. संगणकावर आधीचीच्या नावापुढे 'पूर्ण' असं आलं. वावटळीने मान टेबलावर टेकवली आणि सकाळपर्यंत झोपली. मी खुर्चीतच होते. ती जागची हलली नाही.

वर्षभराने तिने मुलाखत दिली, नोकरी मिळवली. मधलं वर्ष तिने दुकानात बसून वडिलांच्या हाताखालची बारीक तार गुंडाळली. काकूंना ती अजून पत्रं लिहिते. आता मी सांगत नाही, त्यामुळे ती चार ओळींची असतात. आधीचीचा दाखला काकूंच्या कपाटात आहे. 'वारा कुठे जातोय' हे मी तिला एकदा म्हणून दाखवलं. "हे काय नवीन?" ती म्हणाली. "वारा जातोच की. म्हणून तर चक्क्या फिरतात."

पण मला सांगायचंय ते शुक्रवार सकाळचं.

नवं ओळखपत्र आलं होतं. नाव तिचं, फोटो तिचा, दिवस पहिला. मला फाटकासमोरच्या बसथांब्यापर्यंत सोडून ती परत फाटकातून आत शिरत होती. मामांनी तिला थांबवलं. ओळखपत्र लांब धरून बघितलं, मग जवळ.

"नवीन आलात का?"

"मामा, सकाळी सकाळी थट्टा नको."

"थट्टा कशाला करू, ताई? पहिला दिवस लिहिलाय की." त्यांनी नोंदवही तिच्यापुढे सरकवली. "आधीची कालच गेली. गुणी पोर. काम झालं म्हणाली."

बस आली होती. मी चढले नाही. मागे फिरून वहीत डोकावले. कालच्या तारखेची शेवटची ओळ 'बाहेर' या रकान्यात होती. वेळ पाच वाजून दहा. अक्षर गोल, सुटं, टपोरं.

वावटळीने ती ओळ वाचली. मग पेन घेतलं आणि तिच्या खाली स्वतःचं नाव लिहिलं. मामांनी वही उलटी-सुलटी करून पाहिली.

"ताई, हे काय लिहिलंय?"

मला ते एका नजरेत वाचता आलं.