खेडेकरांचा पीपी नंबर

जुईनगरच्या त्या तीन मजली बिल्डिंगमध्ये फोन एकच, नंदकुमार खेडेकरांचा. नंबर लावला होता बायकोने, आणि फोन आला ती गेल्यावर. सरकारी कारभार, त्याला कोण काय बोलणार! पोरबाळ नव्हतं. मग सगळ्या बिऱ्हाडांनी आपापल्या ऑफिसात शेजाऱ्याचा म्हणून हाच पीपी नंबर देऊन टाकला. खेडेकरांना कुणी विचारलंसुद्धा नाही, आणि त्यांना त्याचा केवढा आनंद!

रेडिओवर वादळाचा इशारा आला की खेडेकरांच्या अंगात यायचं. मेणबत्त्या काढायच्या, गॅलरीच्या दाराशी गोणपाट कोंबायचं, बायामाणसांसाठी खुर्च्या मांडायच्या. खाडीपुलावरच्या गाड्या बंद पडल्या की फोन खणखणायला लागे, आणि हे धापा टाकत जिने चढायचे. "मानखुर्दला अडकलेत. वाट बघत बसू नका, जेवून घ्या!" निरोप दुसऱ्यांचे, पण सांगताना स्वारीचा चेहरा असा खुलायचा, ज्याचं नाव ते. फोन गप्प झाला की मात्र घर खायला उठायचं. एकट्याच्या ताटाशी किती वेळ बसणार माणूस?

पंच्याण्णवच्या जूनमध्ये डोळे तपासायला ते दादरला निघाले. आभाळ भरलेलं पाहून किल्ली शेजारच्या मीनाकडे दिली. "फोन तेवढा घे हं. कुणाचा निरोप चुकायला नको."

दुपारी वारा सुटला. झाडं पडली, ओव्हरहेड वायर तुटली. आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही म्हणतात, तसे परतताना खेडेकर स्वतःच मानखुर्दला अडकले. स्टेशनबाहेर पीसीओवर ही भलीमोठी रांग. जो तो घरी कळवत होता. खेडेकरही छत्री सावरत रांगेत उभे राहिले. इतके दिवस दुसऱ्यांची काळजी घरोघर पोचवली, आज आपलीही कुणीतरी करावी, एवढंच त्यांना हवं होतं. पाठ असलेला नंबर एकच. तोच त्यांनी लावला.

पलीकडून मीनाचा घाईचा आवाज आला. "हॅलो, खेडेकरांकडून बोलतेय. कुणाचा निरोप?"

"मीना, मीच बोलतोय. मानखुर्दला अडकलोय. यायला उशीर होईल."

"अय्या काका, तुमी पण? टेन्शन घेऊ नका, मी आहे इथे. हं, बोला, कुणाला सांगू?"

सवयीनेच विचारलं बिचारीने. दुपारपासून तेच तर विचारत होती. मागे खुर्च्यांवर बसलेल्या बायकांची कुजबुज ऐकू येत होती. खेडेकरांनी तळमजल्यापासून एकेक दार आठवून पाहिलं. प्रत्येक दाराआड कुणीतरी कुणाचीतरी वाट बघत होतं, आणि त्यांची कुणीच नाही.

"काका? लवकर सांगा ना, दुसरे फोन येतील."

"कुणाला नको सांगूस," खेडेकर म्हणाले. "फोन मोकळा ठेव."